मदत हवी आहे: मेटल डिटेक्टरसाठी हेडफोन घ्यावा की इअरबड्स?

मेटल डिटेक्टर घेऊन सहा महिने झाले. इतके दिवस यंत्राच्या स्पीकरवरच भागवत होते, पण दोन गोष्टींचा वैताग आला. वारा सुटला की बारीक सिग्नल ऐकूच येत नाहीत. शिवाय एकदा टूंक वाजलं की आसपासची दोन-चार माणसं "काय सापडलं?" म्हणत गोळा होतात. बहुतेक वेळा बाटलीचं झाकण निघतं आणि ते सगळ्यांसमोर दाखवायचं म्हणजे आपलीच फजिती.

म्हणून फोनचेच ब्लूटूथ इअरबड्स डिटेक्टरला जोडले. आवाज झकास येतो. पण तेव्हापासून माझे खड्डे चुकायला लागलेत! जिथे वाजतं तिथे खणते आणि वस्तू निघते चार-पाच बोटं बाजूला. स्पीकरवर आले की नेम पुन्हा बरोबर.

आता नवीन काहीतरी घ्यायचंच आहे, तर कान झाकणारे मोठे हेडफोन घेऊ की चांगल्यातले इअरबड्स? माझ्या अडचणी अशा: चष्मा आहे, मोठ्या हेडफोनखाली तासाभरात कान उकडतात, आणि डाव्या कानात कुठलाच इअरबड टिकत नाही (कानच तसा आहे, काय करणार). शोधते ती मोकळ्या मैदानात, नांगरलेल्या शेतात मालकाला विचारून, आणि कधीकधी गुडघाभर पाण्यात. डिटेक्टरला ३.५ मिमीचा जॅक आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, तुमचा प्रश्न हेडफोन की इअरबड्स हा नाहीच, वायर की ब्लूटूथ हा आहे. आधी तो सोडवा.

साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोचायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. गाणं ऐकताना ते कळतही नाही. पण कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, सेकंदाला अर्धा मीटर फिरत असेल तर २०० मिलिसेकंदांत ती १० सेंटीमीटर पुढे गेलेली असते. तुमची चार-पाच बोटं इथून आली. झपाझप, सेकंदाला एक मीटर फिरवलंत तर फरक थेट २० सेंटीमीटर.

घरच्या घरी खात्री करता येईल. एक नाणं जमिनीवर ठेवा आणि कॉइल एकाच वेगाने डावीकडून उजवीकडे, मग उलट फिरवा. उजवीकडे जाताना आवाज नाण्याच्या उजवीकडे आणि परतताना डावीकडे आला, तर दोष उशिराचा आहे, हाताचा नाही. दोन्ही जागांच्या बरोबर मध्ये नाणं असेल.

प्रतिसाद

मी गेली दोन वर्षं इअरबड्सच वापरतो. दोन्ही बाजूंनी फिरवायचं, मध्य धरायचा, पुढचं काम पिनपॉइंटरचं, म्हणजे खड्ड्यात नेमकी जागा दाखवणाऱ्या हातातल्या छोट्या डिटेक्टरचं. उगाच कशाला खर्च करता?

प्रतिसाद

@वरचा प्रतिसाद: मोकळ्या जागेत एकटंदुकटं नाणं असेल तर चालेल तुमची युक्ती. पण खिळे-पत्रे पसरलेल्या जागी लोखंडाच्या दोन घरघरींच्या मध्ये चांगल्या धातूचा एखादा तुटक टिपका ऐकू येतो. कॉइल इंचाइंचाने हलवत तो पकडावा लागतो. आवाज मागे रेंगाळत असेल तर कुठली घरघर कुठल्या तुकड्याची तेच कळत नाही, मध्य कसला काढताय?

आणखी एक त्रास. काही ब्लूटूथ इअरबड्स शांतता झाली की डुलकी घेतात आणि आवाज आला की जागे होतात. तेवढ्यात छोट्या सिग्नलची सुरुवात गिळली जाते. खोलवरच्या वस्तूचा सिग्नल मुळातच इवलासा असतो, त्यातलं अर्धं गेलं तर उरलं काय?

बिनवायरीच हवं असेल तर डिटेक्टर कंपन्यांचे स्वतःचे २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे हेडफोन बघा. मायनलॅबचं वाय-स्ट्रीम आणि गॅरेटचं झेड-लिंक २० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचवतात. मात्र एका कंपनीचा हेडफोन दुसरीच्या यंत्राला सहसा जुळत नाही. ब्लूटूथमध्ये अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी हा कमी उशिराचा प्रकार ४० मिलिसेकंदांच्या आसपास आहे, पण तो डिटेक्टर आणि हेडफोन दोन्हीकडे लागतो. कानात खुपसायच्या सुट्या इअरबड्समध्ये तो क्वचितच मिळतो. एकीकडे नसला की जोडणी गुपचूप साध्या ब्लूटूथवर येते आणि आपण मात्र खोक्यावरचं नाव वाचून खूश.

प्रतिसाद

वायरवाले घ्यायचं ठरलं असेल तर आकाराबद्दल माझं मत. ज्यांना थ्रेशोल्ड, म्हणजे सतत चालू असलेली ती मंद गुणगुण, ऐकत शोधायची सवय आहे त्यांनी कान झाकणारेच घ्यावेत. खोलवरची वस्तू वेगळा टूंक करत नाही, ती गुणगुण जराशी उचलते किंवा दाबते. बाहेरचा वारा आत आला की ते हातचं जातं.

पण चष्म्याच्या काड्या हेडफोनच्या उशीखाली फट पाडतात आणि त्या फटीतून सगळं आत येतं. मी स्वतः चष्मेवाला. मोठे हेडफोन विकून टाकले आणि रबरी टोकाचे वायरवाले इअरफोन घेतले. टोकं तीन मापांची येतात. डाव्या कानाला एक माप आणि उजव्याला दुसरं लावलं तर काही बिघडत नाही! कानात घट्ट बसले की ते वारा छान अडवतात.

जॅकचं बघून घ्या. काही डिटेक्टरांतून मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आवाज येतो आणि दोन वाहिन्यांचा स्टिरिओ इअरफोन लावला की एकाच कानात वाजतं. हेडफोन बिघडला म्हणून परत करायला धावू नका, छोटा मोनो-स्टिरिओ अडॅप्टर लावला की झालं. जुन्या यंत्रांना ६.३५ मिमीचं जाड भोक असतं, तुमचा तो प्रश्न नाही.

आवाज बेताने ठेवा. पृष्ठभागावरचा डबा कॉइलखाली आला की कानात अक्षरशः किंचाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ठीक, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. वयाबरोबर उंच पट्टीचं ऐकणं आधी जातं, त्यामुळे आवाज वाढवण्यापेक्षा डिटेक्टरमध्ये टोनची पट्टी खाली आणता येते का ते बघा. मला त्याने जास्त फरक पडला.

प्रतिसाद

एकटीने फिरत असाल तर दोन्ही कान बंद नकोत. शेतात मागून ट्रॅक्टर आलेला मला कळला नव्हता, चालकाने खाली उतरून खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. तेव्हापासून हाडातून आवाज देणारे, कान मोकळे ठेवणारे बोन कंडक्शन वापरतो. बारीक सिग्नल कमी ऐकू येतात, कबूल. चालतंय मला.

गुडघाभर पाण्याचं म्हणाल तर फक्त कॉइल बुडत असेल आणि यंत्र वर कोरडं असेल तर कुठलाही हेडफोन चालेल. डोकं पाण्याखाली जाणार असेल तर ब्लूटूथ विसरा, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. तिथे जलरोधक वायरवालेच. आणि खोक्यावरचं आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसेल एवढंच, डुबकी नव्हे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाण्याचा प्रयोग केला. इअरबड्सवर उजवीकडे जाताना नऊ सेंटीमीटर पुढे, परतताना जवळजवळ तेवढंच मागे. कपाटात जुने वायरवाले इअरफोन पडले होते, ते लावले आणि आवाज नाण्यावरच आला. म्हणजे सहा आठवडे मी स्वतःच्या हाताला विनाकारण शिव्या घातल्या.

मोठे हेडफोन रद्द. रबरी टोकाचे वायरवाले घेते. शेतात एकटी असेन तेव्हा एकच कान लावेन, मोनो असल्याने काही चुकायचं नाही. फक्त एक शंका राहिली. खणायला वाकले की वायर पिनपॉइंटरला अडकते आणि जॅकला हिसका बसतो. काय करता तुम्ही?

प्रतिसाद

वायर शर्टाच्या आतून, पाठीकडून घ्या आणि कॉलरला चिमटा लावा. काटकोनी पिनचा जॅक मिळाला तर तोच घ्या, सरळ पिन वाकून वाकून आतून तुटते. जॅकजवळ डिटेक्टरच्या दांड्याला वायरीचा एक सैलसर वेढा बांधून ठेवा, म्हणजे हिसका वेढ्यावर जातो.

जुने इअरबड्स फेकू नका हो, त्यांवर गाणी ऐका. आणि डावा कधी गवतात पडलाच तर त्यात चुंबक असतं, डिटेक्टरला सापडेल. फक्त शोधताना स्पीकर लावा.