पहिलीतलं मूल आणि डायपर: चूक कोणाची?

खडूफळा: पहिलीच्या वर्गाला शिकवते. यंदा तिघांच्या दप्तरात जादा चड्डी असतेच, एक जण तर डायपर लावूनच येतो. सहा वर्षांची मुलं ही! माझ्या मते यात दोष पालकांचा आहे. हल्लीचे डायपर इतकं शोषून घेतात की पोराला ओलं लागतच नाही, मग ते सांगेल कशाला? दोन-अडीच वर्षांचं असताना लावायचं वळण 'होईल सावकाश' म्हणत पुढे ढकललं, आता ते आमच्या गळ्यात. बाकीचा वर्ग वाऱ्यावर सोडून मी एकाला धुवायला नेऊ का? पटत नसेल तर तसंही सांगा.

जुनंखोड: अगदी बरोबर. आम्ही मुलांना वर्षाच्या आतच पायांवर बसवायचो. कसले डायपर आणि कसलं काय.

अर्धीझोप: @जुनंखोड, वर्षाच्या आत बसवलं म्हणजे मूल शिकलं असं नाही. त्याची वेळ तुम्हाला कळायला लागली, एवढंच.

बाई, माझा मुलगा सात वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी व्यवस्थित सांगायचा. मग एकदा शी खडा झाली, खूप दुखलं, आणि तेव्हापासून तो दाबून धरायला लागला. सोफ्याचा कोपरा पकडून, पाय आवळून, टाचा उचलून उभा राहायचा. आम्हाला वाटायचं जोर लावतोय. तो अडवत होता! पुढे रोज चड्डीला डाग. वर्षभर आम्ही 'आळशी' म्हणून ओरडलो. एकदा मी फटकाही दिला, तो अजून आठवतो मला. शेवटी डॉक्टरांनी पोट चाचपलं तर आत गोळा. मळ साठून मलाशय ताणलं गेलं होतं, त्यामुळे 'आली' ही जाणीवच बोथट झालेली, आणि कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपत होती. त्याला ती कळायची नाही, वासही यायचा नाही.

जुनंखोड: स्वतःचा वास येत नाही? काहीही.

अर्धीझोप: सतत त्यातच असलं की नाक सरावतं. मलाही आधी खोटंच वाटलं होतं.

खडूफळा: तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. पण प्रत्येकाला आजारच असतो असं नाही ना? डायपरवाल्याची आई मला सरळ म्हणाली, 'तो ऐकतच नाही, मग आम्ही पण नाद सोडला.' याला काय म्हणायचं?

ओपीडीबाहेर: मुलांच्या विभागात परिचारिका आहे. बाई म्हणतात तसे पालक भेटतात, नाही कशाला म्हणू. पण चार वर्षांनंतरही चड्डीत शी होत असेल, तर आधी बद्धकोष्ठ तपासतात आणि बहुतेकदा तेच निघतं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, म्हणून दिवसा शूसुद्धा सुटते. औषध महिनोन् महिने चालतं. पालक चार दिवसांत फरक दिसला की बंद करतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जोडीला जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, पाय लोंबकळू न देता खाली पाट ठेवून. जेवल्यावर आतडं आपसूक हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. रात्रीची शू मात्र वेगळी. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा अंथरूण ओलं करतात आणि बहुतेकांचं वयाबरोबर थांबतं. चांगली सवय लागलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करायला लागलं, तहान वाढली, वजन घटलं, तर मात्र लगेच दाखवा.

आता बाई, एक विचारू? तास चालू असताना पोरांना जाऊ देता?

खडूफळा: 'मधल्या सुट्टीत जा' म्हणते. एकाला सोडलं की मागोमाग दहा उठतात.

अर्धीझोप: आणि मधल्या सुट्टीत रांग. माझा मुलगा तर शाळेत पाणीच पीत नाही, म्हणतो तिथल्या दाराला कडी नाही. घरी आला की चपला काढायच्या आधी संडासाकडे पळतो. कधी पोचतो, कधी नाही.

जुनंखोड: घ्या! म्हणजे आता शाळेचा पण दोष.

खडूफळा: आमच्याकडेही एका दाराची कडी तुटलीय, हे खरं आहे. उद्या पुन्हा सांगते. जाऊ देण्याचं... बघते, दोघा-तिघांपुरतं तरी. डायपरवाल्याच्या आईबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

ओपीडीबाहेर: नका बदलू. फक्त तिला 'त्याचं पोट रोज साफ होतं का' एवढं विचारा.