फ्लॅट विकणाऱ्याला परीक्षा, स्लॅब तपासणाऱ्याला का नको?

पाथर्डीफाटा:
महारेराने २०२३ पासून इस्टेट एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. इथे नाशकात आमच्या बिल्डिंगखाली ऑफिस थाटलेला एजंट तेव्हा साठीच्या घरात होता. दुपारी शटर अर्धं खाली ओढून मोबाईलवर सराव प्रश्न सोडवत बसायचा. मी हसलो होतो त्याला. नंतर वाटलं, हा फक्त फ्लॅट दाखवतो. ज्याने या फ्लॅटच्या कॉलमची सळई बघून सही केली, त्याने डिप्लोमा झाल्यापासून एक तरी पेपर दिला असेल का?

आजचा नियम असा आहे. डिसेंबर २०२० पासूनच्या एकत्रिकृत नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, सिव्हिलची पदवी किंवा पदविका असली की इंजिनिअर म्हणून नोंदणी होते. स्ट्रक्चरलला पदवी आणि वर अनुभव. आयटीआयचा ड्राफ्ट्समनही ठरावीक वर्षं काढली की छोट्या कामांपुरता सुपरवायझर होतो. परीक्षा कुठेच नाही. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासाठी केंद्राचे कायदे आहेत. सिव्हिल इंजिनिअरसाठी तसा नोंदणी कायदाच नाही. आणि नियम काही जागच्या जागी राहिलेले नाहीत. २०१६ मध्ये राष्ट्रीय इमारत संहिता नवी आली, त्याच वर्षी भूकंपरोधक सळईचा भारतीय मानक कोड, आयएस १३९२०, बदलला. नाशिक भूकंप क्षेत्र ३ मध्ये, म्हणजे तो आपल्याला लागू.

माझं म्हणणं एवढंच: दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्याला ठरावीक तासांचं प्रशिक्षण आणि पुस्तक उघडं ठेवून परीक्षा. अमेरिकेत इंटरनॅशनल कोड कौन्सिलची इन्स्पेक्टरची प्रमाणपत्रं दर तीन वर्षांनी प्रशिक्षणाचे तास दाखवूनच पुढे चालू राहतात. आणि हे बाहेरच्या परवानाधारकांपुरतं नको. नगररचनेत तपासणीला बसणाऱ्या अभियंत्यांनाही तोच पेपर.

ओळंबा:
साफ असहमत. चौतीस वर्षं साइटवर आहे, परवानाधारक इंजिनिअर.

परवा मखमलाबादला एका बंगल्याच्या कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना आवळणारी वाकवलेली सळई, बघत होतो. माझ्या खिशात एक पुठ्ठा असतो, कुठल्याशा लग्नपत्रिकेचा, १३५ अंशात कापलेला. रिंगेचं टोक तेवढं आत वाकलेलं हवं. फिटरने काय केलेलं, दर्शनी बाजूच्या रिंगा बरोबर, आणि मागे, जिथे हात घालायला अंगठी काढावी लागते, तिथे सगळे हूक काटकोनात. म्हणतो, "साहेब, भरल्यावर कोणाला दिसतंय?" अकरा रिंगा काढायला लावल्या. हे कुठल्या पेपरात येणार? १३५ हा आकडा येईल. मागे हात घालायचा, हे येणार नाही.

भरणीच्या_आधी:
काका, तुमच्यासारखे मागे हात घालणारे आता फारसे राहिले नाहीत, हे आधी कबूल करते. पण दोन प्रश्न विचारू का? राग मानू नका. एक, हूक वाकवल्यावर पुढे सळई किती सोडायला सांगता? दोन, त्या बंगल्याचा कॉलम किती इंची होता?

ओळंबा:
रिंगेच्या व्यासाच्या दहापट. आठ एमएमच्या रिंगेला ऐंशी. कॉलम नऊ इंची.

भरणीच्या_आधी:
दहापट हे आयएस १३९२० च्या १९९३ च्या कोडमधलं. २०१६ च्या कोडमध्ये सहापट, आणि कमीत कमी ६५ एमएम. आठच्या रिंगेला सहापट ४८ भरते, म्हणून ६५ धरायचे. तुमचे ऐंशी चुकीचे नाहीत, उलट जास्तच आहेत. पण अरुंद कॉलममध्ये ऐंशीचे हूक आत शिरले की काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई खाली जात नाही आणि भरणी पोकळ राहते. हे मी पुस्तकात नाही, साचा काढल्यावर पाहिलंय.

नऊ इंचाचं तर त्याहून सरळ आहे. नऊ इंच म्हणजे २३०. त्याच २०१६ च्या कोडमध्ये कॉलमची लहान बाजू ३०० एमएमपेक्षा कमी चालत नाही. पुठ्ठा बरोबर होता काका, कॉलमच चुकीचा होता. नूतनीकरणाच्या परीक्षेत एवढा एक प्रश्न आला असता तरी पुरे होतं.

ओळंबा:
डिझाइन माझं नव्हतं, स्ट्रक्चरलवाल्याचं होतं. आणि मालकाला बेडरूममध्ये भिंतीबाहेर आलेलं कॉलमचं नाक नको होतं. कपाट बसत नाही म्हणे.

(पासष्टचं लिहून घेतलं.)

जोत्यापर्यंत:
नगररचनेत नोकरी करून निवृत्त झालोय. कुठे ते सोडा. इथे सगळे परवानाधारकांवर बोलतायत, म्हणून टेबलाच्या अलीकडची बाजू सांगतो.

कनिष्ठ अभियंता काल पाणीपुरवठ्यात गळत्या बंद करत असतो, आज बदली होऊन जोता तपासायला येतो. मीही तसाच आलो. पहिल्या जोत्यावर टेप धरून उभा राहिलो तेव्हा सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, भिंतीच्या बाहेरून मोजायचं की जोत्याच्या कडेपासून, हे बिल्डरच्या माणसाने शिकवलं. शरमेची गोष्ट आहे, पण खरी आहे. म्हणून तत्त्वाला माझा पाठिंबा आहे.

व्यवहारात मात्र गडबड होते. ब्रिटनने ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर, २०१७ ला ७२ माणसं गेली त्यात, नवा इमारत सुरक्षा कायदा केला. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये नोंदणीशिवाय बिल्डिंग इन्स्पेक्टर म्हणून काम करता येत नाही. क्षमता तपासून चार वर्ग पाडले, शिकाऊपासून तांत्रिक व्यवस्थापकापर्यंत. झालं काय? तारीख जवळ आली तरी कितीतरी अनुभवी माणसांची तपासणी पूर्ण झालेली नव्हती. शेवटी तेरा आठवडे वाढवून ६ जुलैपर्यंत मुदत द्यावी लागली. तिथे ही तऱ्हा. इथे सिंहस्थ तोंडावर आहे, माणसं आधीच तिकडे ओढली जाणार. अशात अर्धी नगररचना पेपरात नापास झाली तर पूर्णत्वाचे दाखले कोण देणार?

पाथर्डीफाटा:
सर, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मुदत वाढवली, अट काढली नाही. आणि ती वाढही ज्यांनी वेळेत मूल्यमापनाला नाव घातलं होतं अशा अनुभवी लोकांसाठी होती. आपणही तसंच करू: पहिल्या फेरीत नापास कोणी नाही, फक्त तास भरा. वकिलांची बार परीक्षा आली तेव्हाही जुन्या वकिलांना वगळलंच होतं.

भरणीच्या_आधी:
वगळण्यालाच माझा विरोध आहे. नऊ इंची कॉलम जुनेच लोक भरतात.

सातपूर_कॉलनी:
पहिला फायदा क्लासवाल्यांचा. कॉलेज रोडला बोर्ड लागेल: "सळई विशारद, पहिल्या प्रयत्नात पास, नोट्ससह". 😀

वाड्यातला:
परीक्षेवर एवढा विश्वास ठेवणाऱ्यांसाठी जुन्या नाशकातला एक अनुभव.

महापालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं. आमचा वाडा तर शंभरी ओलांडलेला. लाकडी तुळया, पांढऱ्या मातीची धाबी. चुलत्यांनी एक माणूस आणला. शिक्षण पाहाल तर एम.टेक., तेही स्ट्रक्चर्समध्येच. वीस मिनिटं थांबला, मोबाईलवर फोटो काढले, माडीवर चढलाच नाही. जिना हलतो म्हणाला. अहवाल आला चौदा पानांचा, बाइंडिंग केलेला. पान चारवर "आरसीसी कॉलमची स्थिती समाधानकारक". आमच्या वाड्यात आरसीसी कॉलम एकही नाही! दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीचा मजकूर होता.

या माणसाला तुमचा पेपर द्या, नव्वद टक्के मिळवेल. पावसाळ्यात गोदाकाठच्या ढासळत्या काझीच्या गढीजवळ राहणाऱ्याला विचारा, त्याला परीक्षा पास झालेला माणूस हवाय की वर चढून बघणारा. मला विचाराल तर प्रत्येक तपासणीला जागेचा आणि वेळेचा ठसा असलेले फोटो सक्तीचे करा, आणि खोटा अहवाल दिला तर नोंदणी तीन वर्षं बंद. परीक्षा नंतर घ्या, हवी तर.

जोत्यापर्यंत:
फोटोला अनुमोदन. पण फोटोत काय बघायचं हे कळायलाही शिकावं लागतंच ना? अग्निशमनाचंच घ्या. २००६ च्या कायद्याने परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. फॉर्म नीट येतात, पण पाइपच्या तोंडाचं नोझलच नसलेल्या हायड्रंटच्या (आगीसाठीच्या नळाच्या) पेटीचा फोटो पुढे ठेवला तर किती जणांच्या लक्षात येईल?

टी_स्क्वेअर:
आर्किटेक्ट आहे. आम्ही कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदलेले असलो की स्थानिक परवाना वेगळा लागत नाही, त्यामुळे कदाचित मला हे बोलणं सोपं जात असेल. पण मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या आर्किटेक्ट कायद्याचा अर्थ असा लावला की नोंदणीशिवाय "आर्किटेक्ट" ही पदवी लावता येत नाही. आर्किटेक्चरचं काम करायला मात्र त्या कायद्यात बंदी नाही. म्हणजे कायदा राखतो तो पाटीवरचा शब्द. तुमची परीक्षाही असाच एक शब्द तयार करेल, "प्रमाणित तपासनीस", आणि काम चालेल तसंच चालेल.

शिवाय नाशिककरांना कपाटाची आठवण करून द्यायला नको. खोलीतली कपाटं चटईक्षेत्रात मोजायची की नाही, यावरून गावभर पूर्णत्वाचे दाखले वर्षानुवर्षं अडकले. नियम तेव्हा कोणाला माहीत नव्हता? नकाशा काढणाऱ्यालाही होता, तपासणाऱ्यालाही होता. अज्ञान हा नाशकातला मूळ आजार कधीच नव्हता.

पाथर्डीफाटा:
कपाटाचा मुद्दा मान्य. पण काकांच्या नऊ इंची कॉलममध्ये लबाडी कुठे होती? तिथे अज्ञानच होतं, आणि तेही काकांसारख्या प्रामाणिक माणसाचं. वाड्यातल्या भाऊंचा एम.टेक. परीक्षेने सुधारणार नाही, बरोबर आहे. त्याला फोटो आणि नोंदणीबंदी. काकांना फोटोने काय होणार? फोटोत कॉलम नऊ इंची दिसेल आणि खाली त्यांचीच सही असेल.

वाड्यातला:
दोन्ही ठेवा मग. पण क्रम माझा. आधी जिना.

ओळंबा:
बरं, देतो परीक्षा. पण पेपर मराठीत काढा. आयएस कोड सगळे इंग्रजीत, माझ्या फिटरला सांगतो मराठीत, आणि परीक्षेत पुन्हा इंग्रजीत लिहायचं, हे साठीनंतर जमत नाही. फक्त आधी मला सांगा, "शिअर"ला मराठीत काय म्हणतात?

भरणीच्या_आधी:
कर्तन. शिअर फोर्स म्हणजे कर्तन बल.

ओळंबा:
राहू दे. इंग्रजीतच काढा.