अल्कोबासाचा मठ (पोर्तुगाल): दोन तास पुरतील का?

प्रश्न:
लिस्बनहून एका दिवसात अल्कोबासाचा सिस्टर्शियन (एका ख्रिस्ती साधुपंथाचा) मठ आणि बातल्याचा मठ, दोन्ही बघायचा बेत आहे. अल्कोबासाला दोन तास ठेवलेत. चर्चमध्ये मोफत जाता येतं असं ऐकलं, मग तिकीट काढावं का? ट्रेन बरी की बस?

प्रतिसाद १:
बस. अल्कोबासा गावात रेल्वे स्टेशनच नाही. लिस्बनच्या सेत रियुश बसस्थानकातून साधारण दोन तास लागतात. २० ऑगस्ट टाळा, तो संत बर्नार्डचा दिवस. मठ बंद असतो.

तिकीट जरूर काढा. चर्चचा समोरचा भाग १८व्या शतकातल्या बरोक म्हणजे भरगच्च सजावटीच्या शैलीतला आहे, त्यात जुनं म्हणावं असं फक्त मुख्य दार आणि वरची गोल खिडकी. आत गेलं की एकदम कोरा दगड, उंच आणि अरुंद. बांधकाम ११७८ ला सुरू झालं. पण मठाचं रोजचं जगणं कळतं ते तिकिटाच्या भागात: ओवऱ्या, भोजनगृह, शयनगृह.

प्रतिसाद २:
वेळेची गफलत होते ती चर्चमधल्या राजा पेद्रो आणि त्याची प्रेयसी इनेश यांच्या थडग्यांपाशी. लोक समोरची बाजू बघतात, फोटो काढतात, निघतात. दोन्ही थडग्यांना पूर्ण फेरी मारा. पेद्रोच्या डोक्याकडच्या बाजूला चक्राकार कोरीवकाम आहे, इनेशच्या पायाकडे अंतिम न्यायाचा देखावा. दोघांचे पाय एकमेकांकडे आहेत. काही चेहरे फुटलेले दिसतील, ती १८१०-११ च्या फ्रेंच स्वारीतली नासधूस. नुसत्या थडग्यांना अर्धा तास धरा. कोरीवकाम इतकं बारीक आहे की घाई केली तर काहीच हाती लागत नाही.

प्रतिसाद ३:
ओवऱ्यांत भोजनगृहाच्या दारासमोरच हात धुण्याचं कारंजं आहे. जेवणाआधी हात धुवायचा नियम होता, म्हणून त्याची जागा तीच. भोजनगृहात भिंतीतच जिना कोरून वर वाचकाचा कठडा काढलाय. बाकीचे गप्प जेवत आणि एक जण धर्मग्रंथ वाची. शेजारचं स्वयंपाकघर मात्र मध्ययुगीन समजू नका, त्या फरशा आणि अवाढव्य धुराडं १८व्या शतकातलं. आल्कोआ नदीचं पाणी पाटाने थेट आत आणलं होतं, ते हौदापाशी नीट बघा.

शयनगृह वरच्या मजल्यावर आहे. सगळं धरून अडीच तास ठेवा, बातल्या दुपारी.