एफटी८ 'गोंगाटाखालचं' ऐकतं म्हणे. मग संध्याकाळी सातला बहिरं का होतं?

गच्चीवरची_तार

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या ग्रुपवर एका नव्या परवानाधारकाने विचारलं, "सिग्नल वाईट असेल तर कुठला डिजिटल मोड लावू?" पाच मिनिटांत अकरा उत्तरं आली आणि अकराही एकच: एफटी८, म्हणजे संगणकाने छोटे ठराविक संदेश स्वरांत पाठवायचा आणि ओळखायचा मोड. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

एफटी८ उणे एकवीस डेसिबलपर्यंतचा सिग्नल ओळखतं म्हणतात. आधी त्या प्रसिद्ध आकड्याचा हिशोब करू. लोक हा आकडा असा सांगतात की जणू सिग्नल गोंगाटाच्या तळाशी गाडलेला असतो आणि एफटी८ तो उकरून काढतं. पण मोजमाप कसं आहे बघा. एका पारड्यात २५०० हर्ट्झ रुंदीचा सगळा गोंगाट आणि दुसऱ्यात जेमतेम ५० हर्ट्झचा सिग्नल. एफटी८चा एकेक स्वर शेजारच्या स्वरापासून ६.२५ हर्ट्झवर असतो. तेवढ्याच चिमुकल्या खिडकीतून पाहिलं तर गोंगाट २६ डेसिबलने घटतो, म्हणजे तोच सिग्नल गोंगाटाच्या पाच डेसिबल वर निघतो. जादू नाही, खिडकी लहान केली एवढंच.

बाकीची करामत कंजूषपणाची. अख्खा संदेश ७७ बिटांचा. त्याला चूक पकडायला १४ बिटं, वर दुरुस्तीसाठी ८३, एकूण १७४. ती आठ स्वरांत बांधून, अधेमधे ताल जुळवायच्या खुणा घालून, ०.१६ सेकंदाचे ७९ स्वर १२.६४ सेकंदांत वाजवायचे. थोडं बोला, सावकाश बोला आणि तेच वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हा सांगा. कमजोर सिग्नलसाठी हे उत्तम आहे, वाद नाही.

पण कमजोर सिग्नल आणि बिघडलेला सिग्नल या दोन गोष्टी आहेत. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं, आपण त्याच्या थोडं वर बसलोय. सूर्य मावळला की आयनोस्फिअरच्या (रेडिओ लहरी परतवणाऱ्या वरच्या हवेच्या) एफ थरात विरळ बुडबुडे उठतात, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. दक्षिणेकडून येणारा सिग्नल तेव्हा जोरदार असतो, पण पाण्याखालून आल्यासारखा कापरा. वॉटरफॉलवर (सिग्नल रेघांत दाखवणाऱ्या पडद्यावर) रेघ ठळक दिसते आणि डीकोड (उलगडलेला संदेश) शून्य. स्वरच पसरून शेजाऱ्याच्या अंगणात गेल्यावर गणित काय करणार? आणि गंमत म्हणजे व्हिस्पर हा एफटी८पेक्षाही हलका आवाज ऐकणारा मोड अशा वेळी आधी मान टाकतो, कारण त्याचे स्वर तर दीड हर्ट्झसुद्धा लांब नाहीत.

तेव्हा माझं म्हणणं: "वाईट सिग्नल" म्हटलं की आधी विचारा, वाईट म्हणजे कसा? मग मोड सांगा.

डिट_डाह_काका

एवढी आकडेमोड वाचून डोळे दुखले. चाळीस वर्षं मोर्सची की (ठोके द्यायची कळ) हलवतोय. २५०० हर्ट्झचा गोंगाट माझ्याही स्पीकरमधून येतो. पण सराईत कान त्यातला एकच सूर धरून बाकी सोडून देतो, उणे पंधरापर्यंत आरामात. मला ना एफटी८सारखं समोरच्याशी घड्याळ जुळवावं लागतं, ना विंडोजचा अपडेट आडवा येतो. कापऱ्या सिग्नलमध्येही डिट आणि डाह (मोर्सचे आखूड-लांब ठोके) ओळखू येतात, कारण आहे-नाही एवढंच ऐकायचं असतं.

आणि एफटी८मध्ये बोलतं कोण? संगणक संगणकाला नमस्कार करतो, मालक चहा पितो.

व्हीयू३वाली_ज्योती

काका, तुमच्या घराला अंगण आहे आणि नारळाच्या दोन झाडांत बांधलेला डायपोल अँटेना आहे, हे मी स्वतः येऊन पाहिलंय. मी ठाण्यात सातव्या मजल्यावर राहते. सोसायटीने गच्चीवर तार लावायला सरळ नाही म्हटलं. माझा अँटेना म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर काढलेली पाच मीटर वायर. खालच्या मजल्यावर एलईडीचे ड्रायव्हर, वर कुणाचा तरी सोलर इन्व्हर्टर, समोरच्या इमारतीत दिवाळीच्या माळा मार्चपर्यंत. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर एस मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) नुसत्या गोंगाटानेच कायम आठवर. इथे तुमचा उणे पंधरावाला कान आणून बसवा, अर्ध्या तासात घरी जाल.

या परिस्थितीत मला एफटी८नेच जपान दिलं, इटली दिली, ब्राझील दिलं. पाच वॅटवर. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी मोडची निवड करावी, आमच्याकडे निवड नाही.

दुसरं, वळवाच्या दिवसांतल्या विजांचं. एक कडाका झाला, समजा ०.३ सेकंदाचा. ७९ पैकी दोन-तीन स्वर गेले. दुरुस्तीची बिटं बाकीच्यांवरून ते भरून काढतात, मला पत्तासुद्धा लागत नाही. पीएसके३१ या टाइप करून बोलायच्या मोडवर तोच कडाका दोन-चार अक्षरं खाऊन जातो, कारण साध्या पीएसके३१मध्ये चूक दुरुस्तीच नाही. तार साहेब, तुमच्या मूळ लेखात हे कुठेच नव्हतं.

गच्चीवरची_तार

नव्हतं, बरोबर. तुटक गोंगाटाशी एफटी८ छान लढतं, ही भर मान्य. पण अकरापैकी एकानेही त्या मुलाला "तुझ्याकडे गोंगाट कसला आहे" असं विचारलं नाही, माझं भांडण तेवढंच.

आडमुठा

व्हॉट्सअ‍ॅप आहे ना. सगळ्या मोडांना भारी.

सातारकर_७मेगा

आडमुठे, २६ जुलै २००५ ला मुंबईत मोबाईल किती चालले ते घरच्यांना विचारा, मग बोलू.

मूळ विषयावर. माझा आक्षेप दोघांवरही आहे, तार साहेब आणि ज्योतीताई. सिग्नल कठीण असताना काय पोचवायचं आहे, ते कुणी विचारतच नाही. एफटी८ने तुमचा कॉल (स्टेशनचं सांकेतिक नाव), लोकेटर (जागेचा सांकेतिक पत्ता) आणि उणे अठराचा रिपोर्ट पोचतो. पुढे? मोकळा मजकूर १३ अक्षरांचा. आमच्या घाटात दरड कोसळली तर मला "आंबेनळी बंद, तिघे जखमी, रुग्णवाहिका महाडकडून पाठवा" हे सांगायचंय. ते १३-१३ अक्षरांत तोडून, एक खेप सोडून एक खेप असं पाठवत बसलो तर तिघांची अवस्था काय होईल?

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरहून हौशी मोहीम चालवत होते, व्हीयू४आरबीआय या कॉलवर. २६ तारखेला त्सुनामी आली आणि मोहिमेचं तातडीच्या संपर्काचं स्टेशन झालं. तिथे माणसांची खुशाली कळवायची होती, लोकेटर नाही.

म्हणून मी ऑलिव्हिया या मजकुराच्या मोडचा माणूस. १६/५०० लावा, म्हणजे ५०० हर्ट्झमध्ये १६ स्वर. दोन सेकंदांच्या एका ठोकळ्यात चार अक्षरं, प्रत्येक अक्षराची सात बिटं ६४ जागांवर पसरलेली. त्यातल्या कितीतरी जागा गेल्या तरी अक्षर उभं राहतं. सिग्नल डळमळला, कापरा झाला, थोडा सरकला तरी चालतं, कारण स्वरांमध्ये ३१ हर्ट्झचं अंतर आहे. घड्याळाची भानगड नाही. आणि मजकूर हवा तेवढा लांब.

जुन्या आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) वाल्यांना तर आठवत असेल: 'आता आकडे' ही एक खूण गोंगाटात हरवली की ५९९ या ठरलेल्या रिपोर्टच्या जागी "टी ओ ओ" छापून यायचं. पाच बिटांचं अक्षर, तपासणी शून्य. पुढची दुरुस्त खूण येईपर्यंत सगळी ओळ बरबाद. आम्ही ते डोक्यातच उलटं वाचायला शिकलो होतो.

व्हीयू३वाली_ज्योती

ऑलिव्हिया १६/५०० उणे बारा-तेराच्या आसपास सोडून देतं. एफटी८ उणे एकवीस. नऊ डेसिबलचा फरक म्हणजे आठपट पॉवर. माझे पाच वॅट ते चाळीस कुठून करू? बॅटरीवर असताना तर तुम्हीही करू शकणार नाही. मोकळा मजकूरच हवा असेल तर जेएस८कॉल आहे. तेच तंत्र, पण १५ सेकंदांचे तुकडे एकामागून एक जोडून वाक्य पाठवता येतं, शिवाय तुम्ही जागेवर नसलात तरी तुमचं स्टेशन निरोप धरून ठेवतं.

सातारकर_७मेगा

आणि घड्याळ?

व्हीयू३वाली_ज्योती

घड्याळ लागतं. मान्य. मागच्या वर्षी गडावर फील्ड डेला (उघड्यावर स्टेशन लावायच्या दिवसाला) गेलो, तिथे रेंज नाही, माझ्या लॅपटॉपचं घड्याळ तीन सेकंद पुढे. चाळीस मिनिटं आम्ही अँटेना बदलत होतो, कोॲक्स केबल तपासत होतो, एकाने तर बालनला (केबल आणि अँटेना यांच्यातल्या जोडाला) दोष देऊन तो सोडवूनसुद्धा ठेवला. वॉटरफॉल सिग्नलांनी भरलेला आणि डीकोडची खिडकी कोरी. शेवटी एका शाळकरी मुलाने विचारलं, "ताई, तुमचं घड्याळ पुढे आहे का?" आता घड्याळ जुळवायला पाकिटात यूएसबी जीपीएस असतो.

डिट_डाह_काका

हा हा. माझ्या कीला घड्याळ लागत नाही हे पुन्हा नम्रपणे नोंदवतो.

आणखी एक राहिलं होतं. हे एफटी८चे प्रोग्रॅम म्हणे आधीच "ओळखतात" की माझा कॉल येणार आहे, समोरच्याचा कॉल अमुक आहे, आणि ते धरूनच डीकोड करतात. म्हणून उणे चोवीस मिळतं. ही तर कॉपी झाली. उत्तरपत्रिका हातात घेऊन परीक्षा!

गच्चीवरची_तार

काका, कॉन्टेस्टमध्ये समोरचा ५९९ देतो तेव्हा तुम्ही ते ऐकता का? खरं सांगा. ऐकायच्या आधी लॉगमध्ये लिहिलेलं असतं. अर्धा कॉल ऐकून "अरे, हा तर आपला नेहमीचा" म्हणून उरलेला भरताही. संगणक तेच करतो, फक्त त्यानंतर १४ बिटांची तपासणी लावतो. तुमच्याकडे तपासणी कोण करतं?

तरी एक कबूल करतो. तपासणी १४ बिटांचीच असल्याने कधीतरी खोटा डीकोड सुटून जातो. रात्री दोन वाजता एखाद्या निर्मनुष्य बेटावरून "कॉल" आला की मनात आधी लाडू फुटतात आणि मग कळतं, हवेतून कुणीच आलेलं नव्हतं.

डिट_डाह_काका

५९९ चं खरं आहे. पण तिथे मी माझ्या जबाबदारीवर चुकतो.

खोडद_फाटा

मी परवानाधारक नाही, श्रोता आहे, पण आमच्या गावाजवळ जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या असल्याने गोंगाट या विषयात पिढीजात रस. इथल्या लोकांना माहीत असेल-नसेल, पण एफटी८च्या नावातला 'टी' म्हणजे जोसेफ टेलर, ज्यांना रसेल हल्स यांच्यासोबत १९९३ चं नोबेल मिळालं, जोडपल्सारसाठी (पल्सार म्हणजे ठरावीक काळाने रेडिओ ठोके देणारा तारा). 'एफ' म्हणजे स्टीव्ह फ्रँके. पल्सारचा एकेक ठोका सहसा गोंगाटात बुडालेला असतो. त्याचा काळ ठाऊक असेल तर हजारो ठोके एकावर एक रचायचे, मग आकृती दिसते. घड्याळावर एवढा भरवसा ठेवायची सवय कुठून आली असेल ते बघा. २०१७ मध्ये एफटी८ आलं त्याआधीच टेलर यांनी जेटी६५ काढलं होतं, चंद्रावरून परतणाऱ्या सिग्नलसाठी. १४४ मेगाहर्ट्झवर त्या वाटेत अडीचशे डेसिबल गळतात.

आता तार साहेबांच्या मूळ दाव्यावर शंका. "संध्याकाळी सातला बहिरं होतं" याचं सगळं खापर तुम्ही एफ थरातल्या बुडबुड्यांवर फोडलंत. पण संध्याकाळी सातला आणखी काय होतं? अख्ख्या कॉलनीचे दिवे लागतात. टीव्ही, चार्जर, इंडक्शन. तुमचा गोंगाटच वर चढला असेल तर? कोलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली ती विजेच्या ट्राम येणार म्हणून. आकाश बिघडलं म्हणण्याआधी शेजार तपासावा, हा धडा तेव्हापासूनचा.

गच्चीवरची_तार

हा नेमका घाव बसला. मी गोंगाटाची पातळी मोजलीच नव्हती.

काल आणि परवा पाहिलं. सहाच्या सुमारास वॉटरफॉलची जमीन खरंच एस मीटरच्या एका घराने वर सरकते, दिवे लागतात तशी टप्प्याटप्प्याने. त्यामुळे कमजोर स्टेशनं जातात, ती आमच्या इमारतीची कृपा. पण त्याच वेळी १५ मीटरवर दक्षिणेकडची दोन जोरदार स्टेशनं होती, रेघा जाड आणि कडेने विस्कटलेल्या, डीकोड नाही. तिसरं स्टेशन पश्चिमेकडचं, तेवढ्याच जोराचं, त्याची रेघ सुरीने कापल्यासारखी, आणि ते दर खेपेला निघत होतं. म्हणजे दोन्ही आजार आहेत, आणि मी दोघांना एकच नाव देत होतो. दावा अर्धा मागे घेतो.

सातारकर_७मेगा

अर्धा मागे घेतलात तर उरलेल्या अर्ध्याची परीक्षा घेऊ. रविवारी संध्याकाळी साडेसहा, चाळीस मीटर, सातारा ते ठाणे ते काकांचं अंगण. सगळ्यांनी पाच वॅट. एकच निरोप: दरडीचं ते वाक्य, रोमन लिपीत. दहा मिनिटं जेएस८, दहा ऑलिव्हिया, दहा पीएसके३१, दहा काकांचा सीडब्ल्यू (मोर्स). कुणाचं वाक्य पूर्ण पोचतं ते इथे लिहायचं.

व्हीयू३वाली_ज्योती

मी तयार. काका, वेग मिनिटाला बारा शब्दांच्या वर नको, मला लिहून घ्यायचंय.

डिट_डाह_काका

बारा काय, तुझ्यासाठी दहा. पण मी चहा पिणार नाही, हात मोकळा लागतो.

सातारकर_७मेगा

रविवारचा अहवाल. साडेसहाला जेएस८ सुरू केलं. ज्योतीताईंकडून "आंबेनळी बंद"पर्यंत स्वच्छ आलं, पुढचा एक तुकडा हरवला, तो पुन्हा मागवून घेतला. सहा बेचाळीसला ऑलिव्हियावर आलो. पहिली ओळ पूर्ण, दुसऱ्या ओळीत "जखमी" पोचलं आणि तेवढ्यात यवतेश्वराच्या बाजूला वीज चमकली. मोजलं, चार सेकंदांत आवाज. मी तार काढून बाहेर टाकली. काकांनी फोन करून विचारलं तेव्हा त्यांचीही निघालेली होती.

पीएसके३१ आणि सीडब्ल्यू बाकी. पुढचा रविवार, पाऊस नसला तर.