मदत हवी आहे : आई गेलेल्या मुलासाठी पुस्तक

मीनल_प
पटकन पुस्तक सुचवा, शनिवारी वाढदिवस आहे. घरातलं माणूस गेलंय आणि नात्यागोत्याची नसलेली माणसंच हळूहळू घरची होतात, अशी मुलांची कादंबरी हवी. आई स्वप्नात येऊन समजूत काढते वगैरे नको. 'श्यामची आई' सांगू नका, घरात आहे.

ठाणेकर
वय? इंग्रजी चालेल?

आबा_सातारा
'श्यामची आई'ला पर्याय नाही. रडल्याशिवाय पोर मोकळं होत नाही.

मीनल_प
आबा, वर काय लिहिलंय? भाचा आहे, मराठी माध्यम.

चकली
अगं, वय!

मीनल_प
दहा पूर्ण होतील.

रेवा
प्रकाश नारायण संतांच्या लंपन या मुलाच्या कथा! 'वनवास'पासून सुरू कर.

ठाणेकर
दहाव्या वर्षी लंपन? तो मोठ्यांनी वाचायचा. शिवाय तो राहतो सख्ख्या आजी-आजोबांकडे, आणि त्याच मालिकेतल्या 'झुंबर'मध्ये त्याचे वडील जातात. हिला नात्याबाहेरचे हवेत.

रेवा
आमच्या लेकाने आठव्या वर्षी वाचलाय. असो. मग 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' (१९०८). मरिला आणि मॅथ्यू कथबर्ट हे बहीण-भाऊ शेतीच्या मदतीला मुलगा मागवतात आणि येते ११ वर्षांची अनाथ ॲन.

ठाणेकर
आणि शेवटी मॅथ्यू जातो, ते सांगा की!

रेवा
म्हणूनच तर सुचवलं. ॲन मरिलासाठी शिष्यवृत्ती सोडून घरी राहते.

पुणे३०
अप्पा बळवंत चौकात चक्कर मारा, सगळं मिळतं. गाडी मात्र लांब लावा.

चकली
मीनल, घरी कोण कोण असतं?

मीनल_प
मी, आई आणि तो. भावोजी रविवारी येतात, पण ताईचं नाव काढलं की उठून गॅलरीत जातात. वरच्या मजल्यावरच्या काकू रोज दुपारी त्याला गरम पोळी देतात. माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलतो.

चकली
हे आधी सांगायचंस ना! 'द सीक्रेट गार्डन' (१९११). मेरीचे आई-बाप कॉलऱ्याने जातात, पण तिला फारसं दुःख होतच नाही, कारण तिला वाढवलं आयाने. खरं दुःख आहे ती इंग्लंडात यॉर्कशरला ज्यांच्याकडे येते त्या काकांचं. बायको बागेत पडून गेली म्हणून त्यांनी बागेला कुलूप घालून किल्ली पुरून टाकलीय, आणि दहा वर्षांच्या कॉलिनला, पोटच्या पोराला, टाळतात. मेरीचा मित्र डिकन, त्याची आई, स्वतःची १२ पोरं असून, या दोघांना ताजं दूध आणि पाव पाठवते. तुमच्या काकूच की! इंग्रजी आहे, पण रोज एक प्रकरण तू वाच आणि मराठीत सांग. प्रताधिकार संपलाय, प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या वेबसाइटवर फुकट आहे.

ठाणेकर
यॉर्कशरची बोली सांगताना दमछाक होईल.

चकली
सातारी बोलीत सांगायची. आबा मदत करतील.

आबा_सातारा
करू की. पण दहाव्या वर्षी पोराला सायकल द्या, पुस्तक कसलं!

मीनल_प
सायकल आहे, आबा. चकली, उतरवून घेतलं. रात्री आधी मीच वाचते. भावोजींना रविवारचं प्रकरण सांगायला लावलं तर?

चकली
बाग उघडायचं प्रकरण नको देऊस हां पहिल्याच रविवारी.