दहावीच्या वर्षात खो-खो बंद करावा का? सल्ला हवाय

मंडळी, लेक यंदा दहावीला आहे. पाचवीपासून खो-खो खेळते, रोज संध्याकाळी मैदान. आता घरात एकच सूर आहे : परीक्षा होईपर्यंत खेळ बंद, "एका वर्षाचा तर प्रश्न आहे". सासूबाई आणि नवरा एकीकडे, मी आणि लेक दुसरीकडे. शाळेने पीटीचा तास केव्हाच गणिताला देऊन टाकलाय. मैदान सुटलं तर तिची हालचाल म्हणजे क्लासचा जिना चढण्यापुरतीच.

मध्यंतरी पाय मुरगळला म्हणून सराव थांबला होता. वेळ हाताशी भरपूर, पण अभ्यास काही पुढे सरकेना. एकच उतारा पुन्हापुन्हा वाचायची, मधेच मोबाइल, रात्री बारापर्यंत टक्क जागी आणि सकाळी हलवून उठवायचं. चिडचिड तर विचारूच नका, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून रडली. सराव पुन्हा सुरू झाला आणि आठवड्याभरात झोप ताळ्यावर आली. पण हे घरात कोणाला पटत नाही, कारण मैदानावरून आल्यावर जेवून ती पुस्तकावर डुलक्या घेते आणि नवरा नेमकं तेवढंच बघतो!

ती जिल्ह्याच्या पुढे गेलेली नाही, आणि खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांसाठी मी हे विचारत नाहीये. ज्यांच्या मुलांनी दहावी-बारावीत खेळ चालू ठेवला त्यांनी वेळ कसा बसवला? आणि नवऱ्यासमोर ठेवता येईल असं ठोस काही आहे का?

प्रतिसाद १
मी शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा हवं तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं चांगली हालचाल हवी, त्यात आठवड्यातून किमान 3 दिवस धाप लागेल असा व्यायाम. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 2009 मध्ये लहान मुलांना ट्रेडमिलवर 20 मिनिटं चालवून मग चाचण्या दिल्या. नुसतं बसल्यानंतरच्या तुलनेत लक्ष आणि वाचून समजणं, दोन्ही बरं निघालं. मुलं थोडी होती, वयानेही लहान, तेव्हा खेळली की मार्क वाढतीलच असं मी म्हणणार नाही. पण तिथल्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2010 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात खेळाला वेळ दिल्याने गुण घटतात असं काही दिसलं नाही. नवऱ्याची भीती तीच आहे ना?

प्रतिसाद २
मुलाच्या बारावीत आम्ही स्पर्धा बंद केल्या, सराव नाही. स्पर्धांचे प्रवास आणि जागरणंच जास्त वेळ खातात. प्रिलिमपासून मैदानही सोडलं, कारण जाण्यायेण्यातच तास जायचा. त्याऐवजी गच्चीवर अर्धा तास दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्कार.
डुलक्यांचं म्हणाल तर ताई, तो दोष खेळाचा नाही, वरणभाताचा. आल्याआल्या एखादं थालीपीठ किंवा लाडू-दूध द्या, अंघोळ, मग गणित. पोटभर जेवण त्यानंतर. आणि पाठांतर सकाळी.