कमोडोर 65 चा प्रोटोटाइप: आधी चालू करू की आधी रॉम वाचू?

जुना_बोर्ड: संग्रहातला कमोडोर 65 (कमोडोर कंपनीचा, बाजारात न आलेला घरगुती संगणक) तपासायला आलाय, बरीच वर्षं बंद. मूळ अडॅप्टर नाही. कमोडोर 64 चा चालेल का? रॉम (यंत्राचा कायमचा प्रोग्राम) एप्रॉमवर, म्हणजे अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या चिपवर आहे, तिच्या काचेच्या खिडकीवर हाताने तारीख लिहिलेलं लेबल. नेटवर नंतरच्या तारखेची रॉम मिळते, तीच बसवू का? सोबत एक फ्लॉपी आहे.

कथील_धूर: 64 चा अडॅप्टर नको. त्यातून 5 व्होल्ट डीसी आणि 9 व्होल्ट एसी येतं. 65 ला 5 आणि 12, दोन्ही डीसी लागतात. पण विजेचं नंतर बघा, आधी एप्रॉम वाचा. हा प्रकल्प 1991 मध्येच गुंडाळला, कंपनीच्या 1994 च्या दिवाळखोरीनंतर यंत्रं बाहेर विकली गेली. दोन बोर्ड सारखे असतीलच असं नाही. तुमच्या चिपमधली आवृत्ती कदाचित दुसरीकडे नसेलही.

लेबल सोलू नका. सुटत असेल तर वरून काळी पट्टी लावा. उघड्या खिडकीवर थेट ऊन आठवडाभर पडलं तरी डेटा पुसला जातो. चिप दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचला, एका बाजूने ओढली तर पाय वाकतात. प्रोग्रामरमधली (चिप वाचायच्या यंत्रातली) आयडी तपासणी, म्हणजे चिप आपोआप ओळखणं, बंद ठेवा, कारण त्यासाठी ए9 पायावर 12 व्होल्ट जातात. तीनदा वाचा. चेकसम (डेटाची पडताळणी-बेरीज) जुळले नाहीत तर आधी पाय साफ करा.

जुना_बोर्ड: तिन्ही वेळा चेकसम एकच. पण 128 किलोबाइटपैकी पहिला अर्धा भाग बरा दिसतो, पुढे सगळं एफएफ (रिकाम्या जागेचा आकडा).

कथील_धूर: प्रोग्रामरमध्ये निवडलेली चिपची जात चुकली. 27सी1001 मध्ये ए16 (पत्त्याची ओळ) दुसऱ्या पायावर, ओई (आउटपुट चालू करणारी ओळ) 24 व्या. 27सी301 मध्ये नेमकं उलट. यादीतून दुसरी निवडा.

डीएमए_काका: नवी रॉम लगेच बसवू नका. डीएमए चिपच्या (प्रोसेसरऐवजी मेमरी हलवणारी चिप) आधीच्या आवृत्तीला 11 बाइटची आज्ञांची यादी लागते, एफ018बी या नंतरच्या आवृत्तीला 12 ची. रॉम एकीसाठी आणि चिप दुसरी, असं झालं की बेसिक (यंत्रातली प्रोग्रामिंग भाषा) स्क्रीन पुसायला किंवा सरकवायला जातं आणि भलतीच मेमरी हलते. लोक मग व्हिक-3 या चित्र दाखवणाऱ्या चिपला दोष देत बसतात! आधी डीएमए चिपवरचा क्रमांक वाचा. रॉमची आवृत्ती फाइलमध्येच असते: 910111 म्हणजे 11 जानेवारी 1991.

वीज देताना करंटची मर्यादा असलेला सप्लाय घ्या. त्याआधी 5 आणि 12 च्या रेषा जमिनीशी शॉर्ट नाहीत ना ते मल्टिमीटरने बघा.

कथील_धूर: फ्लॉपीचं झाकण सरकवून चकती फिरवून बघा. बुरशीचे ठिपके असतील तर ड्राइव्हमध्ये घालू नका, हेडही खराब होईल. स्वच्छ असेल तर राइट-प्रोटेक्टची (लिहिणं रोखणारी) खिडकी उघडी ठेवून ग्रीझविझलने (पीसीला फ्लॉपी ड्राइव्ह जोडणारा बोर्ड) आधी कच्चा फ्लक्स (चकतीवरचे मूळ चुंबकीय संकेत) घ्या, मग 1581 या कमोडोरच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या मांडणीप्रमाणे उलगडा: 80 ट्रॅक, दर बाजूला 10 सेक्टर, 512 बाइटचे. यात बाजूंचे क्रमांक पीसीच्या उलटे असतात, म्हणून साधा सेक्टर-रीडर चांगली फ्लॉपीही खराब ठरवतो.